शिळं रक्त, ताजं रक्त

आपल्या भाषेत 'शिळं' या शब्दाची बदनामी जरा जास्तच झाली आहे. खरं तर रात्रीची भाकरी सकाळी कुस्करून तिला कांदा-मिरचीची फोडणी दिली की वऱ्हाडातलं कुठलंही घर ती बोटं चाटत संपवतं. लोणचं मुरावं लागतं, तांदूळ जुना असला तर आपण दोन पैसे जास्त मोजतो, आणि जुन्या तुपाचं तर औषध होतं. तरी 'शिळं' म्हटलं की नाक मुरडायचं ही रीत! आणि गोष्ट रक्ताची असली तर मग बोलायलाच नको. बुलढाणा जिल्ह्यात तुम्ही घाटावरचे असा की घाटाखालचे, दवाखान्यात आपलं माणूस भरती झालं आणि रक्त लागणार असं कळलं की पहिला प्रश्न हाच, "ताजं भेटन का?"

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मला मुळीच वाटत नाही. जगातल्या नामांकित दवाखान्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला आहे, हजारो रुग्णांवर त्याचा अभ्यास केला आहे, आणि उत्तर हाती यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली आहेत. मी डॉक्टर नाही. जुन्या गोष्टी खोदत बसायची सवय असलेला एक माणूस आहे, हे घरच्यांना ठाऊक आहेच. पण हृदयाचं ऑपरेशन आणि रक्ताचं वय हा विषय आमच्या घरात दोनदा येऊन गेला, म्हणून मी तो मुळापासून वाचून काढला. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

तर सुरुवात अशी, की एके काळी सगळंच रक्त ताजं होतं. कारण ते ठेवताच येत नव्हतं. जेम्स ब्लंडेल या लंडनच्या डॉक्टरने १८१८ साली माणसाचं रक्त माणसाला दिलं, तेव्हा ते पिचकारीने काढून लगेच दुसऱ्याच्या शिरेत सोडायचं, एवढंच शक्य होतं. जरा उशीर झाला की रक्त गोठलं! त्यात रक्तगट ही भानगडच कोणाला माहीत नव्हती. ती कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली उलगडली (त्यासाठी १९३० चं नोबेल मिळालं). गोठण्याचा प्रश्न सुटला तो १९१४-१५ मध्ये. बेल्जियममध्ये आल्बेर उस्टँ, ब्युनॉस आयर्सला लुईस अगोते आणि न्यूयॉर्कला रिचर्ड लुईसन या तिघांनी पाठोपाठ दाखवून दिलं की सोडियम सायट्रेट नावाचं साधंसं मीठ घातलं की रक्त गोठत नाही. १९१६ मध्ये राउस आणि टर्नर यांनी त्यात साखर घातली. रक्तपेशी जिवंत असतात, त्यांना खायला लागतं, आणि साखर मिळाली की त्या बरेच दिवस तगतात. म्हणजे शिदोरीच की!

पुढची गोष्ट युद्धावरची. १९१७ साली पहिल्या महायुद्धात ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टरने फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईआधी 'ओ' गटाचं रक्त बाटल्यांत भरून बर्फाच्या पेट्यांत ठेवलं आणि जखमी आले तसं ते दिलं. आधी जमवून ठेवलेल्या रक्ताने माणसं वाचतात हे तिथे पहिल्यांदा सिद्ध झालं. हे रक्त शिळंच होतं, पण ते हाताशी होतं.

पुढे १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा सर्जन माद्रिदमध्ये साठवलेलं रक्त गाडीत घालून आघाडीवर पोहोचवत असे. हे नाव मराठी माणसाला ओळखीचं वाटायला हवं. चीनमधल्या ज्या बेथ्यून रुग्णालयाचे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पहिले संचालक झाले, ते याच बेथ्यूनच्या नावाचं. १९३८ साली चीनला गेलेल्या त्या भारतीय वैद्यकीय पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे विदर्भातल्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे. असो.

१९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये बर्नार्ड फँटस यांनी रक्त साठवायची सोय केली आणि तिला नाव दिलं 'ब्लड बँक'. बँक म्हटल्यावर ठेव आली, काढणं आलं, आणि मुदतही आली. ही मुदतच आपल्या गोष्टीची खरी नायिका आहे.

१९४३ मध्ये इंग्लंडात लुटिट आणि मॉलिसन यांनी एसीडी नावाचं द्रावण काढलं, आणि रक्त २१ दिवस ठेवता येऊ लागलं. काचेच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या त्या पन्नाशीच्या दशकात, कार्ल वॉल्टर यांच्यामुळे. १९७९ मध्ये सीपीडीए हे द्रावण आलं आणि मुदत ३५ दिवस झाली. त्याच सुमारास लाल पेशी वेगळ्या काढून त्यांना नव्या पोषक द्रावणात ठेवायची पद्धत आली आणि मुदत ४२ दिवसांवर गेली. आपल्याकडेही आज हेच आकडे चालतात: अख्खं रक्त सीपीडीएत ३५ दिवस, लाल पेशी नव्या द्रावणात ४२ दिवस, आणि दोन्ही २ ते ६ अंश तापमानात.

आता गंमत बघा. २१, ३५, ४२ हे आकडे ठरवले कसे? कसोटी एवढीच होती, की मुदतीच्या शेवटच्या दिवशी रक्त दिलं तर चोवीस तासांनंतर त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश लाल पेशी रुग्णाच्या शरीरात फिरताना दिसल्या पाहिजेत, आणि पिशवीत फुटलेल्या पेशींचं प्रमाण अगदी कमी असलं पाहिजे. बस्स. पेशी जगल्या का, हे विचारलं. रुग्ण जगला का, हे कोणी विचारलंच नाही! म्हणजे बियाणं उगवलं का ते बघायचं आणि पीक घरात आलं का ते बघायचंच नाही, असला प्रकार. याला कोणाचा खोटेपणा म्हणता येणार नाही. रक्त देऊन माणसं डोळ्यांदेखत उठून बसत होती, तेव्हा हा प्रश्न सुचणं अवघडच होतं.

पण पिशवीत काहीतरी घडतं हे प्रयोगशाळेतल्या लोकांना ठाऊक होतं. लाल पेशी म्हणजे मधोमध दबलेली चकती, एखाद्या लवचिक अनारशासारखी. ती बारीकशा केशवाहिनीतून अंग चोरून जाते. थंडीत पडून राहिली की तिला काटे फुटतात, मग ती गोल गरगरीत आणि ताठर होते. तिच्यातलं २,३-डीपीजी नावाचं रसायन दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतं. हे रसायन ऑक्सिजनची मूठ सैल करतं. ते नसलं की पेशी ऑक्सिजन घेते पण सोडायला कुरकुर करते. पिशवीतलं पोटॅशियम वाढतं, आम्ल वाढतं, काही पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर सांडतं. हे सांडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड गिळून टाकतं. या सगळ्याला मिळून डॉक्टर लोक 'साठवणुकीची इजा' म्हणतात. यातलं बरंचसं रक्त शरीरात गेल्यावर सुधारतं. २,३-डीपीजी दोन-तीन दिवसांत पुन्हा भरून येतं. पण हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दोन-तीन दिवस म्हणजे फार मोठा काळ. शंका घ्यायला जागा होती, ती ही.

हृदयाच्या ऑपरेशनला रक्ताची तहान पहिल्यापासून मोठी. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. हृदय थांबवायचं आणि त्याचं काम यंत्राने करायचं. पण त्या यंत्राच्या नळ्या आधी कशाने तरी भरायला लागतात. सुरुवातीच्या वर्षांत त्या रक्तानेच भरत. एकेका ऑपरेशनला कितीतरी बाटल्या, आणि त्याही त्याच दिवशी सकाळी काढलेल्या! म्हणजे टेबलावर एक माणूस आणि बाहेर रक्तदात्यांची रांग. पुढे साठच्या दशकात नळ्या सलाइनसारख्या द्रावणाने भरता येतात हे कळलं आणि ती रांग आटली. पण 'हार्टच्या ऑपरेशनला ताजं रक्तच लागतं' हा समज, माझ्या मते, या रांगेतून आला असावा. रांग गेली, समज राहिला.

आपल्याकडचा इतिहासही काही मागे नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला, पण ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते, हे लक्षात घ्या. त्याच केईएमच्या आवारात १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे ब्लड ग्रुप' शोधून काढला. या गटाच्या माणसाला 'ओ' गटाचं रक्तसुद्धा चालत नाही, फक्त त्याच्याच गटाचं चालतं, आणि तसा माणूस आपल्या भागात साधारण दहा हजारांत एखादा. आता या माणसाने 'ताजंच पाहिजे' म्हटलं तर? दाता सापडेपर्यंत तो थांबू शकत नाही. अशा दुर्मिळ गटांच्या लाल पेशी ग्लिसरॉलमध्ये गोठवून दहा-दहा वर्षं ठेवता येतात. दहा वर्षांपूर्वीचं रक्त! आणि ज्याला ते लागतं त्याच्यासाठी ते अमृत असतं.

आता घरातली गोष्ट.

२००६ च्या उन्हाळ्यात आमच्या मोठेबाबांचं बायपास ठरलं. बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा अशी सोय नव्हती. अकोला, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), नागपूर नाहीतर थेट मुंबई, हे आमच्याकडच्या हृदयरुग्णाचे चार रस्ते. आम्ही मेहकरकडचे, त्यामुळे सिंदखेडराजा-जालना करत औरंगाबाद गाठलं. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात सांगितलं की सहा बाटल्यांची सोय करा, बदली दाते आणा, आणि जमलं तर रक्त ताजं असू द्या. 'जमलं तर' हे दोन शब्द गावापर्यंत पोहोचलेच नाहीत. पोहोचलं ते फक्त 'ताजं'. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन काळ्या-पिवळ्या भरून तेवीस माणसं निघाली. त्यात दोघं मजुरी बुडवून आलेले, एक जण बारावीचा निकाल लागायची वाट बघणारा पोरगा, आणि एक आमचे दूरचे जावई, ज्यांना सुई बघून भोवळ येते. दीडशे-एक किलोमीटर, एप्रिलचं ऊन, गाडीत मीठ-साखरेचं पाणी. त्यातले चौदा जण हिमोग्लोबिन, वजन, गट अशा कुठल्या ना कुठल्या चाळणीत गळाले. दादाने, म्हणजे मोठेबाबांच्या मुलाने, ब्लड बँकेच्या खिडकीवर ठणकावून सांगितलं, "शिळं रगत नाही चढवू देनार मी बाबाले." खिडकीतल्या ताईंनी काही वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "दादा, पिशवीवर तारीख आहे, बघून घ्या." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मोठेबाबा बरे झाले. पुढे बारा वर्षं जगले, सोयाबीन पेरलं, नातवाचं लग्न पाहिलं. आणि आमच्या घरात सिद्धांत पक्का झाला, की ताज्या रक्ताने वाचले.

गंमत म्हणजे दोनच वर्षांनी या सिद्धांताला थेट अमेरिकेतून दुजोरा आला. मार्च २००८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. कॉलीन कॉक यांचा अभ्यास छापून आला. (क्लीव्हलंड क्लिनिक म्हणजे तेच, जिथे रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायाची शीर काढून बायपास करायची पद्धत रुळवली.) त्यांनी जून १९९८ ते जानेवारी २००६ या काळातले हृदयाच्या ऑपरेशनचे ६००२ रुग्ण घेतले. २८७२ जणांना फक्त १४ दिवसांपर्यंतचं रक्त मिळालं होतं, ३१३० जणांना फक्त १४ दिवसांपेक्षा जुनं. दवाखान्यातले मृत्यू पहिल्या गटात १.७ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के. वर्षभरातले मृत्यू ७.४ टक्के आणि ११ टक्के. व्हेंटिलेटरवर जास्त दिवस राहावं लागणं, मूत्रपिंड निकामी होणं, रक्तात जंतुसंसर्ग होणं, हे सगळं जुन्या रक्ताच्या गटात जास्त.

जगभर खळबळ उडाली. आमच्या नात्यातला एक मुलगा तेव्हा मेडिकलला होता, त्याने फोन करून ही बातमी सांगितली, आणि दादाची मान ताठ झाली ती झालीच.

पण इथे जरा थांबायला हवं. हा अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला होता. कोणाला ताजं द्यायचं आणि कोणाला जुनं, हे कोणी ठरवून वाटलेलं नव्हतं. दोन्ही गटांतले रुग्ण पुरते सारखेही नव्हते. रक्तगटांचं प्रमाण वेगळं होतं, हृदयाची मुळातली अवस्था वेगळी होती. संशोधकांनी हे फरक गणिताने वजा करायचा प्रयत्न केला, पण जे नोंदलेलंच नाही ते वजा कसं करणार?

आपल्या शेतातलं उदाहरण घ्या. ज्यांनी उशिरा पेरलं त्यांना कापूस कमी झाला, हे खरं. पण मग दोष पेरणीच्या तारखेचा का? उशिरा का पेरलं ते विचारा. बैल नव्हते, बियाण्याला पैसे नव्हते, सोसायटीचं कर्ज वेळेवर आलं नाही. ज्याच्याकडे हे नव्हतं त्याच्याकडे पुढे खताला आणि निंदणालाही पैसे नव्हते. तारीख हा नुसता दिसणारा धागा, गाठ खाली दुसरीकडेच. खरं काय ते कळायचं तर एकच उपाय: सारख्याच शेतकऱ्यांत चिठ्ठ्या टाकायच्या, अर्ध्यांनी या तारखेला पेरायचं, अर्ध्यांनी त्या.

रक्ताच्या बाबतीत नेमकं हेच केलं गेलं. अमेरिकेतल्या ३३ दवाखान्यांत हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनचे रुग्ण घेऊन, जणू चिठ्ठी टाकूनच, एका गटाला १० दिवसांपर्यंतचं आणि दुसऱ्याला २१ दिवसांपेक्षा कमी नसलेलं रक्त द्यायचं ठरलं. या अभ्यासाचं नाव 'रिसेस'. निकाल एप्रिल २०१५ मध्ये आला. १०९८ रुग्णांचा हिशेब होता. अवयव किती बिघडले याचे गुण काढले, ते ८.५ आणि ८.७. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू ४.४ टक्के आणि ५.३ टक्के. एवढ्या रुग्णांत इतका फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. थोडक्यात, ताज्या रक्ताचा फायदा दिसला नाही.

त्याच वर्षी 'एबल' या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या २४३० रुग्णांवर हेच दिसलं. सरासरी ६ दिवसांचं रक्त मिळालेल्यांत नव्वद दिवसांतले मृत्यू ३७ टक्के, २२ दिवसांचं मिळालेल्यांत ३५.३ टक्के. म्हणजे झुकलंच तर पारडं उलटीकडे! २०१६ मध्ये 'इन्फॉर्म' या वीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात ९.१ आणि ८.८ टक्के. २०१७ च्या 'ट्रान्सफ्यूज' अभ्यासात २४.८ आणि २४.१. आणि मला सगळ्यात भिडलेला अभ्यास युगांडातला, २०१५ चा. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात अंगातलं रक्त अगदी संपत आलेल्या २९० बालकांना कोणाला १० दिवसांच्या आतलं, कोणाला २५ ते ३५ दिवसांचं रक्त दिलं. जुन्या रक्तानेही मुलं तितकीच सावरली. ज्या देशात पिशवी मिळणं हेच मोठं, तिथे या उत्तराचं मोल काय असेल विचार करा.

शेवटच्या आठवड्याच्या रक्ताबद्दल मात्र थोडी सावधगिरी अभ्यासक अजून बाळगतात. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला निरोगी स्वयंसेवकांना त्यांचंच साठवलेलं रक्त परत देऊन पाहिलं, तेव्हा सहा आठवडे जुन्या पेशी शरीराने जास्त प्रमाणात मोडीत काढल्या. मुदत ४२ ऐवजी ३५ करावी का, ही चर्चा तिथून आहे. पण 'आठवड्याच्या आतलंच हवं' याला आज मोठ्यांच्या बाबतीत आधार नाही. २०१६ पासून अमेरिकेतल्या रक्तसंक्रमण तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही सरळ आहे: मुदतीतलं जे रक्त क्रमाने येईल ते द्या.

आणि आता ती गोष्ट, जी वाचून मी स्वतः गार पडलो. जपानमध्ये हृदयाच्या ऑपरेशनमधून नीट बाहेर आलेले काही रुग्ण दीड-दोन आठवड्यांनी अचानक तापाने फणफणायचे, अंगभर लाल पुरळ यायचं, मग अस्थिमज्जाच बंद पडायची आणि माणूस जायचा. दहातले नऊ जायचे. कारण कळलं ते ऐंशीच्या दशकात. ताज्या रक्तात दात्याच्या पांढऱ्या पेशी जिवंत आणि तरतरीत असतात. एरवी रुग्णाचं शरीर त्यांना परक्या म्हणून मारून टाकतं. पण दाता जवळच्या नात्यातला असला, तर कधीकधी शरीर त्या पेशींना घरच्या समजून आत येऊ देतं, आणि मग त्याच पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात. म्हणजे मुलाने वडिलांना दिलेलं ताजं, गरम रक्त, ज्याला आपण सर्वात शुद्ध समजतो, त्यातच हा धोका सर्वात जास्त! पिशवीवर किरणांचा मारा केला की तो टळतो, आणि जपानने ती पद्धत रूढ केल्यावर हा आजार तिथून जवळपास नाहीसा झाला. पिशवी फ्रीजमध्ये काही दिवस राहिली तरी या पेशी मलूल होतात आणि धोका उतरतो. म्हणजे या बाबतीत 'शिळं' हेच राखणदार ठरलं!

हा प्रकार फार दुर्मिळ आहे, उगाच घाबरून जाऊ नका. पण एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया या पाच तपासण्यांनाही वेळ लागतो, आणि घाईने 'गरम रक्त' मागणारा माणूस नकळत त्या वेळेवरच घाव घालत असतो. सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या निकालात पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आणायला लावली आणि रक्तपेढ्यांना शिस्त लावली, ती याच तपासलेल्या रक्तासाठी. १९९८ पासून तो धंदा कायद्याने बंद झाला. त्याची जागा मात्र बऱ्याच अंशी नातेवाइकांच्या धावपळीने घेतली. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाला तीही नको होती. आपणहून दिलेलं, तपासलेलं, आधीपासून फ्रीजमध्ये असलेलं रक्त, हे त्या धोरणाचं स्वप्न.

हे सगळं आता का लिहितोय? कारण मध्यंतरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. धाकट्या आतेबहिणीच्या यजमानांचं झडपेचं ऑपरेशन, रक्तगट अमुक, 'ताजे रक्त हवे, सख्ख्यांनी प्राधान्याने यावे'. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर आणि संभाजीनगर दोन्ही जवळ आलेत, पण रात्रीतून जीप भरून पोरांनी त्या रस्त्यावर पळावं असं मला वाटत नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर बस पेटून पंचवीस माणसं गेली, ते आपल्या जिल्ह्यात कोण विसरलं आहे? मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, की आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा, त्यांना ताजं हवं आहे की नुसतं रक्त हवं आहे. विचारलं. उत्तर आलं, "ब्लड बँकेत आहे, पुरेसं आहे. नंतर कधीही येऊन दान करा."

दादाला हे काही पटलं नाही. "तुह्या अभ्यासानं माह्या बाबाले वाचवलं काय?" असं तो म्हणाला. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं एका अर्थी बरोबर आहे. त्या दिवशी त्या दवाखान्यात सहा पिशव्या नव्हत्या, आणि तेवीस माणसं गेली म्हणून त्या झाल्या. मोठेबाबांना रक्ताच्या ताजेपणाने नाही, रक्त असण्याने वाचवलं.

आज अभ्यासकांचं लक्षही वयावरून दुसऱ्या प्रश्नाकडे वळलं आहे: रक्त मुळात लागतं का, आणि किती? हृदयाच्या ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली जाईपर्यंत थांबायचं, की ९.५ च्या खाली गेल्याबरोबर द्यायचं, हे १९ देशांतल्या जवळजवळ पाच हजार रुग्णांवर तपासलं (२०१७ चा 'ट्रिक्स-३' अभ्यास). थांबलेल्यांचं काही वाईट झालं नाही, आणि रक्त कमी लागलं. वाचलेली प्रत्येक पिशवी दुसऱ्या कोणाची तरी असते. बाळंतपणात रक्तस्राव झालेली लोणारकडची एखादी बाई, जळगाव जामोदच्या डोंगरपट्ट्यातलं एखादं सिकलसेलचं पोर. सगळ्यांनी ताजं ताजं मागितलं तर जुनं मागे पडत जातं आणि मुदत संपून ओतून द्यावं लागतं. किराणा दुकानदारसुद्धा आधी आलेलं पोतं आधी फोडतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे रक्त आटतं ते एप्रिल-मेमध्ये. कॉलेजं बंद, लग्नसराई, ऊन. नेमकं तेव्हा, कोणी आजारी नसताना, कोणाचा मेसेज आलेला नसताना, बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शिबिरात जाऊन एक पिशवी देऊन यावी. तिच्यावर तारीख पडेल. ती महिनाभर फ्रीजमध्ये पडून राहील, तिच्यातल्या चकत्यांना हळूहळू काटे फुटतील, आणि एखाद्या रात्री कोणीतरी धावत खिडकीशी येईल तेव्हा ती तिथे असेल. शिळी असेल, पण असेल.